बाबांच्या पंचाहत्तरीला गच्चीवर पिक्चर दाखवायचाय, ऐंशीच्या काळातला कोणता लावू? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल.

पुढच्या महिन्यात बाबांना ७५ पूर्ण होतायत. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून बाबा एकदम गप्प झालेत. तब्येत ठणठणीत आहे, सकाळी फिरून येतात, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण बोलणं म्हणजे हो, नाही, जेवलो, झोपतो, एवढंच. आधी असे नव्हते हो. सातपूरला कंपनीत होते, फर्स्ट शिफ्ट सुटली की शुक्रवारी सायकल आधी गावात, कुठल्या टॉकीजला काय लागलंय ते पोस्टर बघायचे आणि मग घरी. आम्ही तेव्हा पंचवटीत वाड्यात राहायचो. जेवताना आईला अख्खी स्टोरी सांगायचे, सांगता सांगता अमिताभ पण तेच आणि अमजद खान पण तेच, आणि शेवटी आईनेच म्हणायचं की आता मला बघायला काय ठेवलंत.

गेल्या रविवारी कपाट आवरताना चिवड्याचा एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर आत तिकिटांचे अर्धुकं. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची, डोअरकीपरने फाडून परत दिलेली, काहींवर निळ्या पेन्सिलने सीट नंबर. शंभर तरी असतील. बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि ते वीस मिनिटं बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग वीस मिनिटं! मी भाजी गॅसवर तशीच सोडून ऐकत बसले, करपली, करपू दिली.

एका तिकिटावर मात्र अडले. म्हणाले, हा तुझ्या आईसोबतचा, मराठी होता, सहा ते नऊचा शो. कथा आठवेना, नाव आठवेना. एवढंच म्हणाले की शेवटी ती बाई एकटीच निघून जाते आणि बाहेर आल्यावर तुझी आई पुलापर्यंत एक शब्द बोलली नाही. मी विचारलं का नाही बोलली, तर डबा बंद केला आणि उठून गेले. तिकिटावर पिक्चरचं नाव नसतंच ना, नुसतं टॉकीज आणि क्लास, तेही आता पुसट झालंय.

तर मी ठरवलंय की वाढदिवसाला आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पडदा लावून तेव्हाचा एखादा पिक्चर दाखवायचा, घरचेच लोक, शेजारी, बाबांचे कंपनीतले चार मित्र. कोणता लावू? आणि तो मराठी पिक्चर कोणता असेल ते कोणी सांगू शकेल का? मी ८३ ची आहे, मला त्या काळातलं फक्त गणपतीतलं पडद्यावरचं थोडंफार आठवतं.

---

मेनरोडकर

ताई, यात विचारायचं काय, अशी ही बनवाबनवी! १९८८ चा पिक्चर, आज माझ्या मुलाला पाठ आहे, माझ्या आईला पाठ आहे, आणि तरी टीव्हीवर लागला की घरातलं कोणी उठत नाही. ७० रुपयांचा सीन आला की आमच्याकडे आई पोळी लाटायची थांबते. अशोक सराफ, लक्ष्या, सचिन आणि सिद्धार्थ रे, चौघांचं असं जमलेलं परत बघायला मिळालं नाही. त्यातले सिद्धार्थ रे आणि लक्ष्या दोघंही २००४ मध्ये गेले, एकाच वर्षात, मला अजून तो सीन बघताना मध्येच हे आठवतं आणि घसा दाटतो.

मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या बीवी और मकान वरून घेतलेली आहे, पण वसंत सबनीसांनी ती इतकी मराठी करून टाकली की भाड्याची खोली, घरमालक, नोकरी, सगळं आपल्याच गल्लीतलं वाटतं. तेव्हा भाड्याने राहणाऱ्या पोरांना खोली मिळणं खरंच कठीण होतं, बॅचलर म्हटलं की दार बंद. माझा मामा सीबीएस बसस्टँडजवळ तीन वर्षं असाच चौघांत राहिला, त्याला तो पिक्चर बघताना आपलीच गोष्ट वाटायची.

७५ वर्षांच्या माणसाला हसवायचं असेल तर हाच.

---

रीळ_नंबर_सात

मी गावातल्या एका टॉकीजला ऑपरेटर होतो, १९७९ पासून पुढे बरीच वर्षं. टॉकीजचं नाव लिहीत नाही, कारण काही नाही, मालकांच्या घरचे अजून इथेच आहेत, त्यांना न विचारता नको.

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर देतो. बनवाबनवी चांगलाच आहे, माझाही लाडका आहे, पण तो वडिलांनी टीव्हीवर पन्नास वेळा बघितला असणार. त्यांनी टॉकीजला जाऊन बघितलेला, लाईनीत उभं राहून तिकीट काढलेला पिक्चर लावा. माणसाला नुसता पिक्चर आठवत नाही, त्या दिवशी पाऊस होता का, सायकल पंक्चर झाली का, कोण बरोबर होतं, हे सगळं त्या पिक्चरला चिकटून येतं. तुम्हाला ते हवंय असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं.

वडील अमिताभवाले आहेत म्हणता तर कुली लावा. १९८३. का सांगतो. जुलै ८२ मध्ये बंगलोरला त्याच्या शूटिंगला अमिताभला पोटात लागलं, पुनीत इस्सर बरोबरच्या फायटिंगमध्ये, आणि पुढचे कित्येक दिवस तो मरतो की जगतो अशी अवस्था होती. आमच्या गल्लीत बायका मारुतीला नवस बोलल्या होत्या. दर्ग्यात चादर चढवली होती पोरांनी. रेडिओवर बातम्या लागल्या की रविवार कारंज्यावर माणसं सायकलवरून उतरून ऐकायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे पिक्चर आला तेव्हा लोक नुसता पिक्चर बघायला आले नव्हते, माणूस जिवंत आहे ते बघायला आले होते. गोष्टीत तो शेवटी मरणार होता, पण लोकांचं हे प्रेम बघून मनमोहन देसाईंनी शेवट बदलला.

आता मला जे सांगायचंय ते. ज्या फायटिंगमध्ये लागलं तिथे पिक्चर थांबवलेला आहे. फ्रेम फ्रीज होते आणि पडद्यावर अक्षरं येतात की इथेच अमिताभला दुखापत झाली. आमचं मशीन कार्बनचं होतं. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मध्ये ठिणगीचा जाळ, त्याचा उजेड आरशाने फिल्मवर पडतो. उष्णता एवढी की फिल्म गेटमध्ये अडकून दोन सेकंद जरी थांबली तरी मधोमध तपकिरी डाग पडतो आणि पसरत जातो. फिल्म चालती राहिली तरच वाचते. तर पहिल्या शोला माझ्याबरोबर नवा हेल्पर होता, गंगापूरकडचा पोरगा, जेमतेम अठराचा. पडद्यावर अमिताभ जागेवर थांबला आणि हा ओरडला, काका अडकली! आणि शटर पाडायला धावला. मी त्याचा हात धरला. मशीनकडे बघ म्हटलं. फिल्म सरसर चालूच होती, एकसारख्या फ्रेम एकापाठोपाठ एक छापलेल्या, म्हणून पडद्यावर थांबल्यासारखं दिसत होतं. तो बघतच राहिला. आणि खाली हजारभर माणसं असतील, एरवी अमिताभच्या फायटिंगला शिट्ट्यांनी छप्पर उडायचं, त्या अक्षरांना एक आवाज नाही. मग फायटिंग परत सुरू झाली आणि असा कल्ला झाला की माझ्या केबिनची काच थरथरली. नाणी पडद्यावर आपटल्याचा आवाज वरपर्यंत आला.

बाकी थोडं तांत्रिक, कोणाला आवड असेल तर. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. म्हणून दोन मशीन असायची. एकावरचं संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक बारीक गोल ठिपका चमकतो, तो आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर. चुकलं तर पडदा पांढरा आणि खालून शिव्या. मी आजही टीव्हीवर जुना पिक्चर बघताना त्या कोपऱ्यात बघतो, नीट न पुसलेल्या कॉपीत ठिपका दिसतो आणि माझा उजवा हात आपोआप उठतो. बायको म्हणते, अहो झोपा आता.

नवीन प्रिंट आली तर काय रंग असायचे. पण तालुक्यांतून फिरून आमच्याकडे परत आली की पडद्यावर नुसता पाऊस, आणि जिथे तुटली तिथे सोल्युशन लावून जोड मारलेले, त्यामुळे हिरोचा डायलॉग अर्ध्यातून उडी मारायचा. लोकांना पाठ असायचा, ते मधला गाळलेला शब्द स्वतः म्हणायचे. सगळं थिएटर एका आवाजात.

---

गोदाकाठची

काका, तुमचं लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. रविवार कारंज्यावर रेडिओ ऐकणाऱ्यांत ते पण होते म्हणाले, पानाच्या टपरीवरचा रेडिओ! थँक्यू काका.

मराठी पिक्चरचं अजून कळलं नाही. मी त्यांना लेक चालली सासरला का विचारलं, नाही म्हणाले, रडायचा नव्हता तो.

---

काळारामाजवळची

अगं तो उंबरठा असणार. मला खात्रीच आहे.

१९८२ ची गोष्ट. स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, जब्बार पटेलांनी काढलेला, शांता निसळांच्या बेघर कादंबरीवरून, पटकथा तेंडुलकरांची. सुलभा नावाची शिकलेली सून, घरात काही कमी नाही, नवरा वकील, मुलगी आहे, पण तिला काम करायचंय, आणि ती घर सोडून लांबच्या गावी स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. शेवटी ती पुन्हा निघते, एकटी. ती बाई एकटीच निघून जाते हे तुझ्या बाबांचं वाक्य अगदी तेच आहे. आणि रडायचा नाही हेही बरोबर, त्यात कोणी रडून काही मागत नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, सासर काळारामाजवळच्या वाड्यात. आम्ही चार जावा शेजारणी मिळून गेलो होतो मॅटिनीला. एरवी पिक्चर सुटला की रस्ताभर बडबड, साडी कोणती, गाणं कसं, त्या दिवशी चौघीही चपला ओढत गप्प. सुन्या सुन्या मैफलीत कानात चालू होतं, सुरेश भटांचे शब्द आणि लताबाईंचा आवाज, पण तोंडाने कोणी गुणगुणत नव्हतं. म्हणून सांगते, तुझी आई पुलापर्यंत बोलली नाही यात मला नवल वाटत नाही. त्या वर्षी नाशिकमधल्या पुष्कळ बायका त्या पुलावरून गप्प चालत गेल्या असतील.

आणि जाता जाता एक, कारण पुरुष मंडळी ही बाजू विसरतात. बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी असायची आणि तिथली लाईन छोटी. त्यामुळे हाऊसफुल्लच्या दिवशी गल्लीतले दीर, भाचे, त्यांचे मित्र सगळे आम्हाला पुढे घालून न्यायचे, वहिनी तेवढी चार तिकिटं काढा. तेजाबला मी एकटीने सहा तिकिटं काढून दिलीयेत, १९८८ ला, माधुरीचं एक दो तीन बघायला पोरं वेडी झाली होती. आम्हाला त्या बदल्यात इंटरव्हलला वेफर. पण उंबरठाची तिकिटं आम्ही आमच्यासाठी काढली होती. स्वतःच्या पैशांनी, दुधाच्या हिशेबातून वाचवलेल्या.

स्मिता ८६ च्या डिसेंबरात गेली, १३ तारखेला. ३१ वर्षांची होती फक्त. वाड्यात त्या दिवशी कोणी रेडिओ लावला नाही.

तुझी आई पुढे काही करायची का गं, नोकरी वगैरे?

---

मेनरोडकर

काळारामाजवळच्या काकू, दंडवत तुम्हाला. मी हा पिक्चर बघितलेलाच नाही, आज रात्री बघतो.

पण रीळ काका, एका गोष्टीवर मी अजून अडून आहे. टीव्हीवर बघणं आणि माणसांत बघणं यात फरक आहे. बनवाबनवी बाबांनी पन्नास वेळा बघितला असेल, पण पंधरा माणसांत, आजूबाजूला लोक हसताना, किती वेळा? धुमधडाका, १९८५ चा महेश कोठारेंचा, मी आठ वर्षांचा असताना काकांच्या मांडीवर बसून बघितला आणि अशोक सराफांचा तो श्रीमंत बापाचा सीन, ते खोकणं, शरद तळवलकरांच्या समोर, लोक इतके हसले की पुढचे चार डायलॉग ऐकूच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी काका परत गेले, ते ऐकायला. घरी मोबाईलवर एकट्याने बघताना ओठ हलतो फक्त. म्हणून गच्चीवर कॉमेडीच.

गंमत जंमत पण चालेल, १९८७. किशोरकुमारने मराठीत गायलंय त्यात, अश्विनी ये ना, अनुराधा पौडवालांबरोबर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किशोरदा गेले.

---

रीळ_नंबर_सात

हसण्याचं तुमचं बरोबर आहे मेनरोडकर. मान्य. कॉमेडीला आम्ही आवाज एक खुटा वाढवूनच ठेवायचो, तरी पुरायचा नाही.

मग ताई असं करा, दोन करा. उंबरठा गच्चीवर नको, तो घरात, तुम्ही आणि वडील, दोघंच. गच्चीवर हसण्याचा.

---

पिंपळगाव_बसवंत

राम राम मंडळी. तुम्ही सगळे टॉकीजवाले, मी तंबूवाला. आमच्याकडे जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, कापडाचा मोठा तंबू, जमिनीवर बसायचं, मधोमध दोर, एका बाजूला बाया एका बाजूला बापे. संध्याकाळी अंधार पडल्याशिवाय शो नाही, कारण तंबूला भोकं. एकच मशीन, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत तेवढा वेळ भुईमुगाच्या शेंगा. दादा कोंडके म्हणजे तंबूचा राजा. ओळीने नऊ पिक्चर सिल्व्हर ज्युबिली, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. माझे आजोबा, आयुष्यात शाळेचं तोंड न बघितलेले, बैलगाडी जुंपून सगळ्या वस्तीला घेऊन जायचे आणि परत येताना रात्री दोन वाजता गाडीत सगळे झोपलेले, फक्त आजोबा आणि बैल जागे, आणि आजोबा दादांचे डायलॉग बैलांना ऐकवायचे. मी गाडीत खाली गोणपाटावर पडून ऐकायचो, डोळे मिटून.

आता कामाचं. मी लग्नाकार्यात पडदा, साऊंड लावतो, गच्चीचं मी सांगतो.

पडद्याला पांढरी चादर लावू नका, मागचा उजेड आरपार दिसतो. जाड पांढरं ब्लॅकआऊटचं कापड मिळतं, ते घ्या, किंवा डबल मांजरपाट शिवून घ्या, मेनरोडला मिळेल. चारी कडांना पट्टी शिवून रिंगा मारा, वर पाइप, खाली पण पाइप, म्हणजे ताण राहतो. इंदिरानगरला गच्चीवर संध्याकाळी वारा असतो, खाली वजन नसेल तर पडदा जहाजाच्या शिडासारखा फुगतो आणि हिरोचं पोट पुढे येतं. पडदा भिंतीला लागून लावलात तर निम्मं काम होतं. प्रोजेक्टर भाड्याने घ्या, ३००० ल्युमेनच्या (उजेडाचं माप) खालचा नको, आणि पूर्ण अंधार झाल्यावरच चालू करा. साऊंडचे दोन बॉक्स पडद्याच्या दोन्ही बाजूंना, खुर्च्यांच्या मागे नाही, आवाज पडद्यातूनच यायला पाहिजे. रात्री दहाच्या आत संपवा, दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, त्यांनाच बोलवा म्हणजे प्रश्नच नाही. शो साडेसहा पावणेसातला.

अजून एक महत्त्वाचं, कॉपी आधी बघून घ्या. जुने पिक्चर नव्या टीव्हीच्या मापात बसवायला लोक आडवे ताणतात, सगळे बुटके आणि जाडे दिसतात, अशोकमामांचा चेहरा भाकरीसारखा. नाही तर वरून डोकी कापतात. दोनतीन कॉपी तपासा, ज्यात गोल घड्याळ गोलच दिसतं ती घ्या. शंभर टक्के फरक पडतो.

आणि गणपतीतला पडदा म्हणालात ना ताई, त्यावरून आठवलं. मी मामाकडे नाशिकला गणपती बघायला यायचो, गल्लीत मधोमध पडदा, पुढे जागा नसायची म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. मागून सगळं उलटं. अक्षरं उलटी, आणि अमिताभ उजव्या हाताने मारायचा. माणूस डावखुरा आहे ना तो! आमच्या वर्गात यावरून मारामारी झाली, मी शपथेवर सांगायचो तो उजव्या हाताने मारतो म्हणून. सातवीत असताना पहिल्यांदा टॉकीजला, पुढून बघितला, तेव्हा कळलं. त्या पोराची मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन माफी मागितली.

---

गोदाकाठची

सगळ्यांना अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, मध्ये खूप धावपळ झाली.

काकांनी सांगितलं तसंच केलं. वाढदिवसाच्या चार दिवस आधी उंबरठा लावला, घरात, लाईट बंद करून, फक्त बाबा आणि मी. मी नाव सांगितलं नव्हतं. सुरुवातीचं थोडं झालं आणि बाबा सरळ होऊन बसले. मध्ये पाणी नाही, काही नाही. संपल्यावर मी लाईट लावायला उठले तर म्हणाले राहू दे.

मग अंधारातच बोलले. काळारामाजवळच्या काकू, तुम्ही विचारलं होतं ना आई काही करायची का. आई बालवाडीत शिकवायची, चोवीस वर्षं. मला वाटायचं ते आधीपासूनच होतं. बाबा म्हणाले, त्या रात्री दोघं अशोकस्तंभाकडून चालत निघाले, रविवार कारंजा आला, होळकर पूल आला, आई गप्प. पुलाच्या मधोमध ती थांबली, कठड्याला हात टेकवला, खाली गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी होतं बऱ्यापैकी, आणि म्हणाली, बालवाडीत जागा निघालीय, मी विचारून आलेय, जाऊ का. बाबा म्हणाले मी काही बोललोच नाही. घरात आजी होती, माझा जन्म व्हायचा होता की झाला होता ते त्यांना नीट आठवत नाही, पगार काय मिळणार होता तेही नाही. घरापर्यंत दोघंही गप्प. सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना सायकल बाहेर काढली, पंपाने हवा भरली, आणि परत आत येऊन आईला म्हणाले, जा. एवढंच. मग मला म्हणाले, रात्रीच म्हणायला हवं होतं, पुलावरच. चाळीस वर्षं झाली तरी मला तो पूल लागला की वाटतं.

मला हे कोणी कधीच सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

गच्चीवर मग बनवाबनवी लावला, मेनरोडकर जिंकले. एकवीस माणसं होती. पिंपळगावच्या दादांचा दोन पाइपचा सल्ला एकदम करेक्ट, वारा होताच, पडदा हलला नाही. बाबांचे मित्र आले होते, एक जण वॉकर घेऊन तीन मजले चढले, लिफ्ट नेमकी बंद. इंटरव्हलला बाबा स्वतः उठले आणि ओरडले, इंटरव्हल! मध्येच थांबवायला लावला, प्रत्येकाला वडापाव मिळालाय का ते फिरून बघितलं, आणि मग पोरांना म्हणाले, चला दिवे घालवा. ७० रुपयांचा सीन आला तेव्हा बाबा आणि ते वॉकरवाले काका एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते, मी पडद्याकडे बघितलंच नाही.

चार छोटी पोरं जागा असूनही पडद्यामागे जाऊन बसली होती. भिंतीपासून फूटभर अंतर होतं तेवढ्यात. का ते माहीत नाही.

आता पुढचं. बाबांनी डबा परत काढलाय, तिकिटं वहीत चिकटवतायत, मला डिंक आणायला पाठवलं. रंगावरून टॉकीज ओळखतायत. आणि पुढच्या रविवारी कुली बघायचा म्हणतात, घरीच. रीळ काका, तुम्ही येऊ शकाल का? बाबांना तुम्हाला विचारायचंय की तो थांबलेला सीन कितव्या रिळात होता, आणि तो गंगापूरकडचा पोरगा पुढे कुठे गेला. पत्ता तुम्हाला वेगळा पाठवते.

---

काळारामाजवळची

चोवीस वर्षं बालवाडी. अगं म्हणजे माझ्या धाकट्याला त्यांनीच शिकवलं असेल की काय, पंचवटीतच होता तो. तुझ्याकडे आईचा फोटो असेल तर मला पाठव गं, मी ओळखेन.

---

रीळ_नंबर_सात

येतो. तो पोरगा आता आजोबा झालाय, सातपूरला असतो, त्यालाही विचारतो. सहाचा शो धरू ना?